सपरीतली पनाह

मास्तर, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा संशय काही माझ्या मनातून जात नाई.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीत सिरोंच्याले आलेलो, उर्दूचं नवंनवं वेड. तुम्ही गोदावरीच्या पल्याडून, निजामाच्या मुलखातून आले अन् आमच्या बाबांना म्हणाले, "पनाह दीजिए." मी धावत जाऊन डिक्शनरी पाहिली. शेल्टर! तुम्ही हसले. "शेल्टर तर झाडपण देतं, बेटा. पनाह कुणाकडे तरी मागावी लागते." मग तुम्ही सांगितलं, चांद्याचा परकोट म्हणजे शहरपनाह, अन् आमच्या आत्याचं भांडण ऐकून म्हणाले, 'खुदा की पनाह!' मी एकदम खूश; तवापासून तुम्ही माझे उर्दूचे मास्तर. पण तुम्ही स्वतःच्या गावाचं नाव एकदा मंथनी सांगायचे, एकदा चेन्नूर. काऊन?

आईलेही ते खटकलं होतं. आमच्याकडे सकाळी चुलीले विस्तू शेजारून आणतात, अन् घरचा विस्तू ज्याले दिला तो घरचा. बाबांनी दिलेल्या सपरीत, म्हणजे अंगणाकडच्या पडवीत, तुम्ही वेगळी चूल मांडली, तं आईनं तुमच्यासमोर काडेपेटी ठेवली. "मले भरवसा नाई याचा," मले आत येऊन म्हणाली.

मग एक दिवस आळीतले लोक अंगणात आले. "भाऊ, जहाँपनाह बसवले का सपरीत? पल्याडचा खबऱ्या असंल तं सगळ्यायले भोवंल. चाला, ठाण्यावर नेऊन देऊ. कोणाचा माणूस हाये हा?" तुम्ही उठून चपला शोधून राह्यले होते. तेवढ्यात आई गोवरीवर निखारा घेऊन आली, सगळ्यांसमोरून चालत गेली, अन् तुमच्या चुलीत ठेवला.

"आमचा हाये. चुकला तं आमी पाहून घेऊ."

लोक पुटपुटत गेले. मी आत जाऊन विचारलं, "आला का भरवसा?"

"नाई."

"मंग?"

"ते नेऊन राह्यले होते ना त्याले," ती म्हणाली अन् भात पाहायले गेली.

तुम्ही त्याच सपरीत तापानं गेले. मागच्या वर्षी मी पल्याड तुमच्या चौकशीले जायले नावेत बसलो. नावाडी बांबू टेकवणार, तर खाली उतरलो. आई अजून हाये, मास्तर. काही वाईट कळलं असतं, तं तिच्यासमोर लपवणं मले जमलं नसतं.