उतार खोदला त्याची गोष्ट

पिस्पाला, रविवार

प्रिय रैया,

मुरंबा पोचला. माझी तब्येत उत्तम आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

घराचं तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. खालच्या घरात नूरा नावाची नवी बाई आली आहे. गेल्या गुरुवारी गल्लीच्या सौनात वाफ घेताना माझ्याशेजारी बसून ती म्हणाली, "तुमच्या घराखालचा उतार खोदून आम्ही गॅरेज करणार. चालेल ना?" सौनात भांडायचं नसतं. नन्सच्या शाळेत जिच्यापायी मी रोज कोपऱ्यात उभी राहायचे, ती जीभ मी तिथे आवरली आणि तापल्या दगडांवर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सुनवायला निघाले, तोवर खोदायचं यंत्र येऊन कामाला लागलं होतं. आपली टेकडी म्हणजे हिमनदीने टाकलेली वाळू आणि गोटे. पायथा काढला की वरचं खाली येणारच. दुपारी माझी बैठकीची खोली तिच्या अंगणात गेली.

"पण तुम्ही गप्प बसलात!" नूरा रडत म्हणाली.

"बाई गं, सौनात आवाज चढवू नये, हे आईने शिकवलं नाही तुला?"

"शिकवलं ना! तुम्ही ओरडाल अशी भीती होती, म्हणूनच तिथे विचारलं."

माझ्यापाशी उत्तर नव्हतं, रैया. माझ्यापाशी!

इंजिनिअर म्हणतो, उरलेलं घरही पाडावं लागेल. आमच्या लग्नाच्या वर्षी हेइक्कीने रचलेली चूल तरी काढून द्या म्हटलं, तर आत जाऊ देत नाहीत. सध्या मैत्रिणीकडे आहे, मजेत.

तुझी मागची खोली भाड्याने दिलीस का गं? सहज विचारते.

तुझीच थोरली,
इर्मेली