रैहानचे तुरे

मुनोजात,

तुझा दादा आणि मी समरकंदच्या विमानतळावर निघालोय. ओताबेकची शवपेटी मॉस्कोहून दुपारी येतेय. आम्ही परत येईपर्यंत आईंना कळू द्यायचं नाही, असं दादाने ठरवलंय. त्यांना वाटतंय, धाकटा सुटीवर येतोय.

अंगणातल्या रैहानच्या सुगंधी रोपांना पाणी त्यांनाच घालू दे. तुरे खुडायला मात्र मदत कर, त्यांचे हात थरथरतात. काल म्हणाल्या, "फुलं धरली की पानं कडू होतात गं. माझ्या पोराला टोमॅटोवर कोवळीच लागतात." मी मान खाली घालून कणीक मळत राहिले.

शेजारणींना दारातच थोपव. रडू आलं तर गोठ्यामागे जा. आईंनी विचारलं, तर निघालाय म्हण. तेवढं तरी खरं आहे.

दिलनवोज वहिनी