अवरेच्या शेंगा आणि अंड्यांचे ट्रे

अण्णा, तुमचं चुन्याचं तबक मी मोडीत टाकलं होतं, हे आधी सांगून टाकते. शेडच्या दाराशी पत्र्याचं ते पसरट तबक असायचं, त्यात चुना. येणाऱ्याने त्यात पाय ठेवायचा, मग तुम्ही दिलेल्या चपला घालायच्या आणि मगच कोंबड्यांकडे जायचं. शाळेतल्या मैत्रिणींनाही तुम्ही सोडलं नाहीत. त्या खिदळायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कसला बाप मिळालाय, वाटायचं. तुम्ही गेलात तेव्हा इथे विमानतळही व्हायचा होता. आता देवनहळ्ळीच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांच्या प्लॉटचे लेआउट पडलेत आणि मी तुमचे पिंजरे काढून कोंबड्या मोकळ्या सोडल्यात. रविवारी शहरातून, महादेवपुऱ्याहून, पार इलेक्ट्रॉनिक सिटीहून मंडळी येतात, मोकळ्या कोंबड्यांची अंडी नेतात, पोरांचे फोटो काढतात. त्यांना बघायला काहीतरी हवं म्हणून मी शेताच्या कडेला एक तळं खणलं आणि त्यात बदकं सोडली.

हो, बदकंच. तुम्हाला आठवत असेल, मामाने मला टोपलीतून बदकाचं पिल्लू आणून दिलं होतं. त्याला मी पुरतं हातात घेतलंही नव्हतं, तोवर तुम्ही टोपली उचलून मामाच्या हातात परत दिलीत. "कोंबड्या आहेत त्या घरात दुसरं पाखरू नाही. बदक स्वतः ठणठणीत राहतं आणि दुसऱ्याला आजार देतं." मामा जेवायलाही थांबला नाही. मी दिवसभर रडले. आई तुमच्यावर धुसफुसत राहिली. तसं तिचं तुमच्याशी नेहमीचंच भांडण होतं ते ट्रेवरून. शेजारचं भांडं आलं की रिकामं परत करायचं नाही, मूठभर साखर तरी घालायची, ही आपल्याकडची रीत आणि त्या कानडी शेजाऱ्यांकडचीही. पण शेजारून पुठ्ठ्याच्या ट्रेमधून अंडी आली की तुम्ही ती स्वयंपाकघरात आमच्या डब्यात काढून घ्यायचात आणि ट्रे सरळ पाण्याच्या हंड्याखाली सारायचात. आई कपाळावर हात मारायची. "लोकांच्या घरची वस्तू जाळता? काय म्हणतील ते?" तुम्ही लाकडं सारखी करत म्हणायचात, "काय म्हणायचं ते म्हणू देत. त्यांच्या शेडमधलं माझ्या शेडमध्ये नको आणि माझ्यातलं त्यांच्यात नको." आणि मग आईला डब्यात काहीतरी घालून पाठवायला सांगायचात. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठी झाले की असला सोवळेपणा करायचा नाही.

नाही केला. यंदा पावसाने पलीकडचं मोठं तळं काठोकाठ भरलं आणि कुठकुठची पाखरं उतरली. त्यातली काही आमच्या बदकांत येऊन पोहायला लागली. रविवारच्या मंडळींना कोण आनंद! मीही दुर्बीण आणून ठेवली. कोंबड्या त्याच तळ्यावर पाणी प्यायला जायच्या. मार्गशीर्ष लागला आणि अंडी कमी झाली. जी यायची त्यांची कवचं मऊ, रंग उडालेला. काही कोंबड्या शिंकत होत्या, डोळे जरा सुजलेले. मरत मात्र कोणी नव्हतं, आणि मरत नाही म्हणजे आजार नाही, असं मी धरून चालले. खाद्यवाल्याला फोन करून त्याचा उद्धार केला. थंडीला नावं ठेवली. डॉक्टरला बोलवायचं सोडून सगळं केलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या अक्काचा फोन आला. तुमच्या वेळी ती नवी नवरी होती. अजूनही तिचं तेच घर आणि तीच छोटी शेड. तिच्या भाचीच्या लग्नाला अंडी कमी पडत होती. मी आमच्या शेडमधले प्लास्टिकचे ट्रे, जसे होते तसे, भरून स्कूटरवर घातले आणि थेट तिच्या शेडमध्ये नेऊन ठेवले. पायात त्याच चपला. दुसऱ्या दिवशी ट्रे परत आले ते अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगांनी भरून. "रिकामे कसे देऊ?" म्हणाली. घरभर अवरेचा वास सुटला होता. आम्ही दोघींनी बसून शेंगा सोलल्या आणि तुमच्या त्या हंड्याखालच्या ट्रेंची आठवण काढून खूप हसलो. मला ते हसणं आता ऐकवत नाही.

मग अक्काच्या कोंबड्या शिंकायला लागल्या. तेव्हा कुठे मी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी दोन्हीकडचे नमुने नेले. बर्ड फ्लूच निघाला, पण सौम्य जातीचा. सगळ्या कोंबड्या मारून टाकायची वेळ नाही, म्हणाल्या, पण सौम्य म्हणून हलक्यात घेऊ नका, हा अंग पोखरतो आणि मग दुसरे आजार आत शिरतात. मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. कोंबड्या पाणी कुठलं पितात? आवारात बदकं आहेत का? रानातली पाखरं येतात? शेडमध्ये जाताना चपला बदलता? ट्रे बाहेर जातात-येतात? प्रत्येक प्रश्नाला मी मान खाली घालून उत्तर देत होते. अहो, तुम्हीच विचारत होता की काय असं वाटलं मला! आमच्या कोंबड्या सावरल्या. अक्काच्या शेडमध्ये मात्र दुसरा आजार शिरला आणि तिच्या बऱ्याच कोंबड्या एकामागून एक गेल्या.

खरी लाज पुढेच आहे, अण्णा. अक्का आमच्या गेटशी आली. आत ये म्हटलं तर येईना. चपला लांब काढून अनवाणी उभी राहिली आणि रडायला लागली. जत्रेत देवीला द्यायला तिने संतेतून, म्हणजे आठवड्याच्या बाजारातून, एक गावठी कोंबडा आणून शेडमागे बांधला होता. "त्यानेच आणलं गं हे. माझ्यामुळे तुझ्याकडेही आलं. अण्णांनी किती शिकवलं होतं मला, दुसरं पाखरू आणू नकोस म्हणून. स्वल्प चुकले आणि बघ काय झालं. मला माफ कर." तिचा कोंबडा यायच्या आधीपासून माझ्या कोंबड्या शिंकत होत्या. हे मला ठाऊक होतं. तोंडातून नुसतं तिच्याच कानडीत बरं म्हटल्यासारखं "सरी, अक्का, असू दे" एवढंच निघालं. असू दे! मी तिला माफ केलं, अण्णा. शी!

बदकं मी देऊन टाकली, तळं बुजवलं, चुन्याचं तबक नवं करून आणलं. त्यात रोज पाय घालते. त्याने केलेलं काही धुऊन निघत नाही. अक्का संक्रांतीनंतर उरलेल्या कोंबड्या आणि पिंजरे विकणार आहे. "माझ्या हाताला आता कोंबड्या नकोत," म्हणते. लेआउटवाले तिच्या दारात चकरा मारायला लागलेत. तुझी चूक नव्हती, माझी होती, एवढं मी बोलले तर ती थांबेल. रोज सकाळी उठते ते आज बोलायचंच असं ठरवून, आणि कुंपणापर्यंत जाऊन परत येते. तिचा चेहरा कसा होईल, तेच डोळ्यांपुढे येतं.

ती अजून गेटच्या आत पाऊल टाकत नाही. आमच्या कोंबड्यांना परत काही होऊ नये म्हणून. आज अवरेच्या शेंगांची पिशवी गेटला अडकवून, लांबूनच हाक मारून गेली. शेंगा मी सोलल्या. पिशवी धुऊन वाळत घातली आहे, आणि ती रिकामी परत करायची नाही, एवढं मला अजून कळतं. त्यात ही कबुली घालायची तेही कळतं. म्हणून तर हे लिहायला बसले. पण अक्काला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही. मला कन्नड छान लिहिता येतं, अण्णा. तरी मी हे मराठीत लिहिलं.