मधली काळी जागा

भिवंडी, नोव्हेंबर २००६

बा, तुझ्या आणि आयेच्या पाया पडते.

मी मावशीकडे बरी आहे. चित्रांच्या क्लासात आता लिनो शिकवतात. ती रबरासारखी मऊ लादी असते. धारदार हत्याराने कोरायची, वर काळी शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. कोरलेलं पांढरं राहतं, बाकी सगळं काळं उमटतं.

मावशीच्या खोलीखाली कापडाचे लूम चालतात, टेबल थरथरतं आणि हात सरकतो. म्हणून लाइट जाऊन लूम थांबले की मी दारात बसून कोरते. सगळे लाइटला शिव्या देतात, मी एकटी खूश! अंगठ्याला जरा लागलं होतं, आता भरलंय. आयेला वाचून दाखवताना हे गाळ.

आपला तारप्याचा नाच कोरला, तू मधे उभा राहून तारपा फुंकतोस आणि सगळे तुझ्याभोवती फिरतात तो. पहिला छाप उलटा आला, सगळे भलत्याच बाजूने फिरताना दिसले. मॅडम म्हणाल्या, "कोणाला कळणार आहे?" तुला कळलं असतं. मी नव्या लादीवर चित्र उलटं काढून पुन्हा कोरायला घेतलं.

परवा इथल्या बाजारात आपल्या गावचा सुभाषदादा भेटला. म्हणाला, "औंदा तुज्या बानं तारपा हातात धरला न्हाय. खोकला लय हाय." फोनवर तू काहीच बोलला नाहीस. शेळी व्याली का?

लादीत एकदा कोरलेलं परत भरता येत नाही. नाचणारे सगळे कोरून झालेत, मधोमध तुझी जागा तेवढी कोरायची ठेवलीय. छापात तिथे नुसतं काळं येतं. मला ते बघवत नाही.

रविवारी येते. आधी दवाखान्यात जाऊ. मग तू तारपा धर, मी बघून कोरते.

तुझी,
पूर्वा