भात्यावरचा हात

पालम, नवी दिल्ली
१९ नोव्हेंबर

प्रिय प्रभाताई,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आम्हा दोघांचा सलाम. फोन सोडून हे पत्र कसलं, असं तुला वाटेल. एक तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दुसरं म्हणजे मला एक कबुली द्यायची आहे आणि ती देताना तुझा आवाज ऐकायची माझी तयारी नाही. तेव्हा चष्मा लाव, चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच तुझ्या लेकाला, जयेशला, हाक मारून माझ्या तक्रारी सांगू नकोस.

फेब्रुवारीत तू जयेशबरोबर तुझी पेटी माझ्याकडे पाठवलीस आणि बजावलंस की दिल्लीतल्या कुठल्या तरी शाळेला देऊन टाक, माझ्या डोळ्यांसमोर नको. पंधरा दिवसांनी मी तुला सांगितलं की पहाडगंजच्या मराठी शाळेला दिली, मुलं खूश आहेत. ताई, ते खोटं होतं. पेटी शाळेत गेलीच नाही. न्यायची म्हणून ऑटो बोलावली होती, हे मात्र खरं. जाण्याआधी एकदा पुसून घ्यावी म्हणून झाकण उघडलं, तर तुझ्या बोटांनी झिजलेल्या त्या मधल्या पट्ट्या दिसल्या. फडकं हातात धरून मी तशीच बसून राहिले. ऑटोवाल्याने खाली बराच वेळ हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला. तेव्हापासून पेटी आमच्या बैठकीच्या खोलीत आहे.

आणखी एक गोष्ट आज सांगूनच टाकते. लहानपणी मला तुझा फार हेवा वाटायचा. बाबांनी पेटी तुलाच शिकवली. मी मागे लागले तर म्हणाले, विजूचा गळा बरा आहे, तिला गाऊ दे. झालं, विषय संपला. पुढे तीस वर्षं तू जालन्याच्या चर्चमध्ये मंडळीपुढे दर रविवारी वाजवलंस, आणि मी माहेरी आले की पहिल्या बाकावर बसून गायले आणि मनातल्या मनात तुझ्या चुका शोधल्या. फारशा सापडल्या नाहीत. त्यामुळे गेल्या वर्षी तुझं ते आजारपण झालं आणि तू पेटी मिटलीस, तेव्हा मला दुःखाबरोबर अपराधीही वाटलं. मी तुझ्याकडे चार दिवस येऊन गेले तेव्हा हे बोलायचं होतं, पण तू औषधांच्या डब्याकडे तोंड करून बसली होतीस.

आता पुढचं ऐक. आमची मराठी उपासना महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता असते, हे तुला ठाऊक आहे. एका चर्चचा मागचा हॉल आम्हाला मिळतो. पस्तीस-चाळीस माणसं जमतात. दोन-तीन नर्स, आमच्या यांच्याबरोबर कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहात नोकरी केलेली काही कुटुंबं, आणि यूपीएससीची पोरं. ती बरीचशी उपासनेनंतरच्या पोह्यांसाठी येतात, पण येतात. पेटी वाजवणारं कोणी नाही. सात-आठ वर्षं आम्ही मोबाइल स्पीकरला जोडून त्यावरच्या संगीताबरोबर गात आलो. मध्येच कोणाचा फोन आला की गाणं थांबायचं आणि चाळीस माणसं तोंड उघडं ठेवून उभी राहायची.

एप्रिलमध्ये आमच्या घरी प्रार्थना होती. मंडळीचा सेक्रेटरी विनय याला कोपऱ्यातली पेटी दिसली. कोणाची, असं त्यानं विचारलं. ताईची होती, आता ती वाजवत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, माझी आहे. मग वाजवता का, असं त्यानं विचारलं, आणि मी म्हणाले, वाजवते की थोडी. आमचे हे समोर बसून चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. विनयनं तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं आणि नोव्हेंबरच्या उपासनेत एक भजन माझ्या नावावर टाकलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अशी अडकले.

शिकवणार कोण? तर सुकन्या. कँटोन्मेंटमध्ये राहते, तिचे यजमान सुभेदार आहेत, माहेर साताऱ्याकडचं. बाजारात भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करता करता ती स्वतःशी मराठीत पुटपुटली आणि तिथून आमची ओळख झाली. कँटोन्मेंटमधल्या बायकांच्या भजनी मंडळात ती पेटीवर असते. मी आमच्या भजनाची चाल गाऊन दाखवली आणि हे चर्चमध्ये म्हणायचं आहे असं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, भजनच आहे ना, मग शिकवते. मंगळवार-शुक्रवार ती यायची. बाबांच्या आवडीचं ते चार कडव्यांचं भजन आम्ही सात महिने घोटलं. तिनं मला बोटं शिकवली, ठेका शिकवला आणि एक नियम घालून दिला, की पुढे म्हणणारी बाई आधी उचलते, पेटीनं मागून जाऊन तिचा सूर धरायचा, पुढेपुढे करायचं नाही. तो नियम मी वेदवाक्यासारखा पाळला. या नियमाचं काय झालं ते पुढे येईलच.

तो रविवार जवळ येऊ लागला तशी माझी गाळण उडाली. घरी एकटी असताना भजन अगदी छान यायचं, आणि हे बाजूला येऊन उभे राहिले की तिसऱ्या ओळीला बोटं भलतीकडे पळायची. तू इतकी वर्षं कशी वाजवलीस गं? मी कधी विचारलंच नाही. शेवटच्या आठवड्यात माझं जेवण सुटलं. रक्तदाब वाढला. शनिवारी तर मी प्रार्थना केली की प्रभू, हवा इतकी खराब होऊ दे की सरकारनं लोकांना घराबाहेर पडायला बंदी करावी. नोव्हेंबरात दिल्लीत हे मागणं अगदीच अशक्य नाही. पण रविवारी नेमकं वारं सुटलं आणि सकाळपासून लख्ख ऊन. यांना म्हटलं, मला कणकण वाटते आहे. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि टॅक्सी बोलावली.

सुकन्या बरोबर होती. ती पहिल्यांदाच चर्चला येत होती. तिनं विचारलं की डोक्यावर पदर घ्यायचा का, मध्येच पाणी प्यायलं तर चालतं का. हॉलच्या दारात तिनं चपला काढल्या. इथे कोणी काढत नाही असं मी सांगितलं, तरी ती अनवाणीच आत आली आणि माझ्या मागच्या बाकावर बसली. बायबलमधला दुसरा शास्त्रपाठ वाचून झाला आणि विनयनं जाहीर केलं की आज विजयाकाकू पेटीवर साथ देतील, आपण सर्वांनी भजन म्हणू या. लोक उभे राहिले. मी सतरंजीवर, समोर तुझी पेटी.

आणि कोणीच गायला सुरुवात करेना. मी वाट पाहत होते की लोक उचलतील आणि मी सूर धरीन. लोकांना इतक्या वर्षांची सवय स्पीकरची, आधी संगीत, मग गाणं. ते माझ्याकडे बघताहेत, मी त्यांच्याकडे. मी घाबरून मान खाली घातली. विनयला वाटलं काकू आधी प्रार्थना करताहेत, म्हणून त्यानंही मान लववून डोळे मिटले. त्याचं पाहून पहिल्या बाकानं, मग दुसऱ्यानं. बघता बघता अख्खी मंडळी माझ्यापायी गाढ प्रार्थनेत गेली. एवढी शांतता आमच्या उपासनेत कधी नसते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सुरुवात मलाच करायची आहे. उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवली, दाबली. आवाज नाही. डावा हात भात्यावर होता, पण हलतच नव्हता. मी त्याला मनातून सांगत होते, चल बाबा, आणि तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा नुसता पडून होता. ताई, तुला वाईट वाटेल म्हणून हे लिहू की नको याचा मी फार विचार केला. तुझा हात गेल्या वर्षी लुळा पडला, माझा जेमतेम मिनिटभर गोठला. तुलना नाहीच. पण त्या मिनिटात मला पहिल्यांदा कळलं की तू औषधांच्या डब्याकडे तोंड करून का बसली होतीस.

मागून कोणी तरी उठलं. सुकन्या पेटीच्या पलीकडे येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली. माझा हात तिनं भात्यावरून अलगद उचलून माझ्या मांडीवर ठेवला, आणि हळूच म्हणाली, "वाजवा काकू. भाता माझ्याकडं."

पेटी वाजली. मी पहिली ओळ एकटीनं गायले, निदान गळा तरी शाबूत होता. दुसऱ्या ओळीला यूपीएससीच्या पोरांनी साथ धरली आणि मग सगळा हॉल गाऊ लागला. पहिल्या कडव्यात दोनदा चुकले, ते कोणाला कळलं नाही, तुला कळलं असतं. दुसऱ्या कडव्यापासून भीती कुठे गेली ते सांगता येणार नाही. लोक गाताहेत आणि ते आपल्या बोटांवर गाताहेत, हे कानाला कळलं की घाबरायला वेळच उरत नाही. तिसऱ्या कडव्याला सुकन्यानं भुवया उंचावून विचारलं, हात परत घेता का. माझा हात तोवर पुरता ठीक झाला होता. तरी मी मानेनं नाही म्हटलं. मला तसंच छान वाटत होतं. भजन संपल्यावर हे डोळे पुसत होते, आणि विचारलं तर म्हणाले, धुराचा त्रास. त्या दिवशी धूर नव्हता.

आता हे पत्र का, ते सांगते. तुमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी म्हणे सुचवलं होतं की एखाद्या मुलीला भात्यावर बसवू, तुम्ही उजव्या हातानं वाजवा. त्यावर तू म्हणालीस, अर्धी बाई मंडळीपुढे बसवू नका. जयेशनं मला हे सांगितलं तेव्हा तुझं म्हणणं मला पटलं होतं. आता पटत नाही. चाळीस माणसांसमोर दुसरीनं माझा हात बाजूला ठेवला आणि भाता चालवला, आणि मला वाटली होती तशी लाज वाटली नाही. अर्धं असल्यासारखंही वाटलं नाही. नाताळची उपासना एकवीस तारखेला आहे. विनयनं पुन्हा माझंच नाव वहीत लिहिलं होतं, मी ते खोडायला लावून तिथे तुझं लिहून घेतलं. तुला न विचारता केलं, रागव हवं तर. जयेश सचखंड एक्स्प्रेसची तिकिटं काढतो आहे, त्याला मी आधीच फितवलं आहे. पेटी पुसून ठेवली आहे. तुझ्यासमोर परकी मुलगी बसणार नाही, मी बसणार आहे. कोणत्या ओळीला तुला किती हवा लागते, हे पहिल्या बाकावर बसून मी जन्मभर ऐकलं आहे. तू उजवा हात घेऊन ये ताई, डावा माझा घे.

वाट पाहणारी,
तुझीच,
विजू