कापराचे दोन गुण

मी रतिलाल गोविंद पाटील, वय ७४, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, राहणार खांडबारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मधुमेह सोडला तर प्रकृती ठीक आहे, डोके ताळ्यावर आहे आणि कोणी काही लिहवून घेत नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी धनुबाई हिची. तिच्या पश्चात हे दोन्ही माझा मुलगा नवनीत याचे.

२. रेणूंची रचना दाखवायचा गोळ्या-काड्यांचा संच, रसायनशास्त्राची सर्व पुस्तके व काचेचे कपाट रुपा वसावे हिला द्यावे. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता मोलगीच्या आश्रमशाळेत शिक्षिका आहे. नवनीतला कारण माहीत आहे, तरी लिहितो.

सन १९९८ मध्ये बारावीला मी शिकवले की, वलय असलेला सुवासिक रेणू म्हणजे ॲरोमॅटिक. रुपा उभी राहिली. "सर, कापरात वलय आहे, वासही आहे. पण बेन्झीनसारखे वलयभर फिरणारे इलेक्ट्रॉन कुठे आहेत?" मी तिला खाली बसवले. चाचणीत तिने 'कापूर ॲरोमॅटिक नाही' असे लिहिले. मी दोन गुण कापले. त्याच वर्गात शिकणारा नवनीत तिच्यापेक्षा एका गुणाने पुढे जाऊन पहिला आला आणि नाशिकच्या विज्ञान शिबिराला तोच गेला.

निवृत्तीनंतर एक जाड ग्रंथ वाचताना उलगडा झाला. सुरुवातीला सापडलेल्या बेन्झीनसारख्या काही पदार्थांना सुवास होता, म्हणून ते नाव पडले. पुढे अर्थ बदलून 'वलयभर फिरणारे इलेक्ट्रॉन असलेला' असा झाला, नाव तेच राहिले. वासाचा त्याच्याशी संबंध नाही. ॲस्पिरिनला सुवास नाही, तरी ते ॲरोमॅटिक. कापूर नाही. रुपाचे बरोबर होते.

तेरा वर्षे मी गप्प राहिलो. शेवटी धनुबाईला सांगितले. ती म्हणाली, "चूक कबूल कराले इतला वरीस लागनात का?" नवनीत एवढेच म्हणाला, "बाबा, मी तुम्ही शिकवलं तेच लिहिलं होतं." त्याने मन खट्टू करून घेऊ नये. दोष माझा.

गेल्या वर्षी जीपने मोलगीला गेलो. रुपाने चहा दिला, ऐकून घेतले.

"सर, मला तेव्हाच माहीत होतं. ग्रंथालयात पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बसवलं होतं ना."

मी गुण परत कसे देऊ, असे विचारले. ती म्हणाली, "मला नकोत. माझ्या वर्गात येऊन सांगा."

त्याच दुपारी मी वर्गात सगळे सांगितले. मयूरी नावाच्या मुलीने विचारले, "वास वलयामुळे नाही, तर मग कापराला वास येतो कशामुळे?" छत्तीस वर्षे शिकवताना जे कधी बोललो नव्हतो ते बोललो: "मला नीट माहीत नाही." मुले हसली नाहीत. वह्या उघडून त्यांनी प्रश्न लिहून घेतला.

३. माझ्या शोकसभेत मला आदर्श शिक्षक म्हणू नये. वरील हकिकत वाचावी.

माझ्यासमक्ष सही करणारे साक्षीदार: करणसिंग गिरासे, रंजनाबाई चौधरी.

खांडबारा, दि. ९ नोव्हेंबर २०२५
(सही) र. गो. पाटील