पोटाला बांधलेल्या बाटल्या

मोआला बेट, मंगळवार

प्रिय आई,

मी खुशाल आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

वादळात बेटाची वीज गेली, म्हणून विहिरीच्या पाण्याच्या तपासणीच्या बाटल्या पोटालाच बांधून हिंडतेय. आतड्यातल्या जंतूंना वाढायला पोटाचीच ऊब लागते. पाण्यात ते असले तर दिवसभरात बाटली काळी पडते. काल एक म्हातारी खिदळली, "कितवा महिना गं?" म्हटलं, "उद्या मोकळी होते, आजी!"

फार दमलेय गं. चार गावं झाली, दोन राहिलीत. बाबांचा गुडघा कसा आहे? पाणी उकळूनच पिता ना? हे जंतू पित्तालाही दाद देत नाहीत, उकळीपुढे मात्र टिकत नाहीत.

परवा इथे आले तेव्हा मुखियाने इथल्याच विहिरीच्या पाण्यात कालवलेली पाहुणचाराची यंगोना प्यायला पुढे केली. नको म्हटलं असतं, तर विहिरीला हात लावू दिला नसता. दोन करवंट्या प्यायले.

आज सकाळी सगळ्या बाटल्या काळ्या निघाल्या. बाटल्यांच्या पट्ट्यातला तापमापक सदतीसऐवजी एकोणचाळीस अंश दाखवतोय. जुनाच आहे, बिघडला असेल.

रविवारी माझ्या नावाने एक प्रार्थना जास्त कर. सहजच म्हणतेय.

तुझी,
मकेरेता